चुलीचं तोंड

चूलवाली मावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी आढ्याकडे बघायची आणि मग घरातल्या पुरुषाला शिव्या घालायची. आढ्याला लोंबणारी काजळी तिला सहनच व्हायची नाही. "हीच काजळी तुह्या बायकोच्या छातीत बसली, आन् तू ओसरीवर बिडी ओढून राहिला व्हय रे?" समोर सरपंच असला तरी तिचा आवाज खाली येत नसे. मी दाराआडून ऐकायचे. परक्या माणसापुढे बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडायचा.

आमचं गाव वसमतकडे, हट्ट्याजवळ. निर्धूर चूल घालायला मावशी सरकारी योजनेत शिकली होती, पण रीत तिची स्वतःची. घरच्या बाईला आधी म्हणायची, "तुहा तवा आण." तवा पालथा ठेवून भोवती कोळशाने रेघ ओढायची. मग बाईला बसवून तिच्या हाताने उंची धरायची. माती, लीद आणि भुसा तुडवताना दर चार पावलांनी थांबायची, कारण जन्मभर चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या फुंकून तिला धाप लागायची. "माहं गेलं," म्हणायची, "तुमचं तरी राहू द्या."

मग एके वर्षी तालुक्याहून साहेब पत्र्याचा साचा घेऊन आले. आता सगळ्या चुली एका मापाच्या. मावशीने साच्याच्या तोंडात हात घालून बघितला.

"साहेब, भाकर कुठं शेकायची?"

आमच्याकडे भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांच्या आरासमोर उभी करतात. तिथं ती फुगते. साच्याच्या तोंडात अर्धी भाकरीसुद्धा मावत नव्हती.

"तव्यावरच भाजा ना मावशी. तोंड लहान, तेवढं लाकूड वाचतं," साहेब हसून म्हणाले.

"एकडाव कच्ची भाकर खाऊन बघा, मंग लाकडाचं सांगा."

चुली साच्यानेच झाल्या. दिवाळीच्या आत बायांनी कुदळीने त्यांची तोंडं फोडून मोठी केली, आणि धूर पुन्हा घरात आला. मावशी बायांवर चिडली नाही. साहेबांची वाट बघत राहिली.

साहेब आले ते टाइप केलेला इंग्रजी अहवाल घेऊनच. मावशीचं एकच मागणं होतं. "तोंडाचं लिवा साहेब. म्होरच्या गावात तरी चुली बराबर व्हतील." साहेबांनी मान डोलावून कागद सहीसाठी पुढे केला. मावशीने तो माझ्या हातात दिला. "वाच गं माय, तू वसमतच्या इंग्रजी शाळंतली."

कागदावर लिहिलं होतं की साच्यात काही दोष नाही, महिलांनी अज्ञानामुळे चुली मोडल्या. खाली, चूल घालणारी म्हणून, मावशीच्या सहीची जागा. साहेब माझ्याकडे बघत होते, शांतपणे, जणू माझ्या घशाचं त्यांना ठाऊकच होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मावशीने एकेक अक्षर जुळवत सही केली.

पुढे शिरड शहापूरकडच्या गावांतही तोच साचा गेला. मावशी तालुक्याच्या कचेरीत भांडायला गेली, तेव्हा तिथल्या कारकुनाने तिला तिचीच सही दाखवून कागद मराठीत वाचून दाखवला. तिथून ती थेट आमच्या घरी आली. आढ्याकडे बघितलं, पण कुणालाही शिवी घातली नाही.

"तुला वाचता आलं व्हतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग काहून?"

मग ती आईकडे वळून म्हणाली, "तुहा तवा आण."

ती तिने घातलेली शेवटची चूल. पुढच्या हिवाळ्यात धापेनेच ती गेली. त्या साहेबांचा मला अजून संताप येतो, पण त्यांचं खोटं निदान कागदावर उघडं होतं. लपवलं मी.

आता कुठेही कुणी बाईपुढे इंग्रजी कागद सहीला सरकवला, तर मी तो मागून घेते आणि मोठ्याने, मराठीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. घसा अजूनही कोरडा पडतो. पडू दे.