बापाने सैल ठेवलेला दगड

बेरिलमावशी हूपरने चाळीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या. जाता-येता वाटेत ते स्मारक लागायचं आणि रोज ती मनातल्या मनात त्याला एक शिवी हासडायची.

स्मारक पहिल्या गोऱ्या मेंढपाळाचं. पाटीवर लिहिलंय, ‘या ओसाड भूमीत प्रथम वस्ती करणाऱ्यास.’ ओसाड म्हणे! स्मारकाचे दगड आले कुठून मग? नदीत मासे अडवायला तिच्या पूर्वजांनी, इथल्या मूळ रहिवाशांनी, दगडी कोंड्या रचल्या होत्या, घराण्याची एकेक. त्या मोडून दगड उपसायला, वर ते स्मारकात रचायलाही, गोऱ्यांनी त्याच घराण्यांतले तरुण जुंपले. त्यांत मावशीचा बाप होता.

मरताना तो म्हणाला होता, “पोरी, वरच्या थरात नदीकडच्या कोपऱ्यात आपला दगड आहे. मागे सिमेंट नाही भरलं, नुसता चिखल थापलाय. कधीतरी घरी घेऊन ये.”

मावशीचा धीर झाला नाही. पूर्वी एवढ्यासाठी तुरुंगात टाकत. पण यंदा गावाला दीडशे वर्षं झाली आणि नगराध्यक्षांनी जाहीर केलं, सोमवारपासून स्मारकाला नवं सिमेंट. आता नाही तर कधीच नाही.

शनिवारच्या समारंभात, मूळ रहिवाशांनी पाहुण्यांचं स्वागत करायची रीत म्हणून, तिलाच बोलावलं होतं. “दोनच मिनिटं हं, बेरिल,” नगराध्यक्ष हसत म्हणाले, “आणि इतिहास नको.”

मावशी आली ती ढकलगाडी घेऊन. गाडीत पहार.

“आमच्या भूमीवर तुमचं स्वागत,” ती म्हणाली. “झालं माझं बोलून.” आणि तिने कोपऱ्यात पहार घातली.

“अहो, हे काय करताय? हे गावाचं आहे!”

“गावाचं राहू द्या की. मी फक्त माझं नेतेय.”

वाळका चिखल भसाभस गळला. बाप खोटं बोलला नव्हता. दगड गाडीत आला तेव्हा मावशी सगळ्यांदेखत रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

“घ्या ना बाकीचेही!” कुणीतरी खवचटपणे ओरडलं.

“छे! दुसऱ्याच्या कोंडीच्या दगडाला विचारल्याशिवाय हात लावत नाही आम्ही,” मावशी म्हणाली. “ती सवय तुमची.”

दगड नदीतल्या मोडक्या कोंडीत जुन्या जागी बसवून ती ओल्या झग्यानेच घरी आली, तर फोन वाजत होता. पलीकडच्या काठावरची लोरेन डिक्सन.

“मावशी, आमच्या आजोबांनीही रचले होते गं ते दगड. आमच्या दगडामागेही चिखलच असेल का?”

“सोमवारच्या आत ये,” मावशी म्हणाली, “आणि हलवून बघ. पहार माझी ने.”