बुश, गतिरोधक आणि लाल रिबीन

गाडी वडिलांची, वयानं माझ्यापेक्षा मोठी. खड्ड्यात गेली की पुढच्या चाकापाशी खट्‌ असा आवाज यायचा. चाकाचा दांडा गाडीला जिथे जोडलेला असतो, तिथले रबरी बुश झिजले होते. अप्पा म्हणाले, "दिवाळीपर्यंत आवाज घालव, गाडी तुझी. नाहीतर चांदवडचं गिऱ्हाईक तयार आहे."

ती दुसऱ्याच्या दारात उभी असलेली मला बघवली नसती. अंगणात जॅक लावून गाडी उचलली, चाक काढलं, नवे बुश ठोकून बसवले आणि जीव खाऊन नट आवळले. आवाज बंद! पंधरा दिवसांनी पुन्हा खट्‌.

अप्पांनी एक चक्कर मारली, स्टिअरिंगला लाल रिबीन बांधली आणि न बोलता आत गेले. ते ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्टर होते. नापास भागाला लाल खूण बांधायची, काय चुकलं ते कारागिरानं शोधायचं, हा त्यांचा खाक्या. त्यात रिबीन माझ्याच शाळेतल्या वेण्यांची. असा राग आला म्हणून सांगू!

पुन्हा नवे बुश आणले. तेही फाटले. माझं डोकंच चालेना. रबर भिकार, की माझा हात?

"अप्पा, सांगा ना काय चुकतंय."

"इन्स्पेक्टरनं पान्याला हात लावायचा नसतो," ते पेपरातून मान वर न करता म्हणाले.

शेवटी मी फाटका बुश घेऊन द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी तो बोटांत फिरवला.

"ताई, नट गाडी वर टांगलेली असताना आवळले का?"

"हो. मग?"

"मंग असंच व्हनार. चाकं टेकू द्या, गाडीचं वजन येऊ द्या, मंग आवळा. नायतर गाडी खाली आली का रबराला पीळ बसतो अन् ते फाटतं."

इतकं साधं! तिसऱ्यांदा नवे बुश बसवले, गाडी चाकांवर उतरवली, खाली सरपटत गेले आणि मग नट आवळले. महिना गेला तरी आवाज नाही. रिबीन मात्र तशीच.

धनत्रयोदशीला अप्पा चालवायला बसले, मी शेजारी. कॉलनीच्या तोंडाशी उंच गतिरोधक आहे. गाडी त्यावरून न थांबता धाडकन गेली. माझं डोकं टपाला आपटलं, पण खट्‌ नाही! मी चक्क टाळ्या पिटल्या. अप्पांनी गाडी घराकडे वळवली.

दारात गाडी लावून त्यांनी रिबीन सोडली. मला वाटलं, झाले पास. पण त्यांनी ती स्वतःच्या उजव्या मनगटाला गुंडाळली आणि हात माझ्यापुढे धरला, गाठ मारायला. मला काही समजेना.

"अप्पा, आवाज तर गेला ना? आता काय चुकलं?"

"गाडी पास आहे," ते म्हणाले. "तो गतिरोधक मला दिसलाच नाही."

किल्ली त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. मला ती गाठ किती वेळ मारताच येईना.