मालिका संपेपर्यंत थांबलेलं दूध

टीव्हीवरची मालिका बघायची म्हणून मी एका बाईचं दूध ताटकळत ठेवलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

त्या दुष्काळात मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. संस्थेच्या खोलीत टीव्ही होता. घेतला होता सभासदांना शेतीचे कार्यक्रम दिसावेत म्हणून, पण माझा जीव अडकलेला संध्याकाळच्या विनोदी मालिकेत. खडूस सासरा, आयतोबा घरजावई आणि त्यांची रोजची जुंपलेली. ती मधेच बंद पडली तेव्हा मी महिनाभर घरात कुणाशी धड बोललो नव्हतो. पुन्हा सुरू होणार असं कळलं, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पहिल्या दिवशी नेमकी वीज टिकली. मी माप खाली ठेवलं, म्हटलं, "अर्धा तास दम धरा."

आमच्याकडे रिवाज होता, लांबच्या वस्तीवरून चालत येणाऱ्याचं दूध आधी घ्यायचं. उन्हातून तासभर आलेलं दूध फार वेळ टिकत नाही. माळावरच्या वस्तीवरून एक विधवा बाई यायची, मी मावशी म्हणायचो. घरी एकच गाय. त्या उन्हाळ्यात तिचं दूध दोनदा फुटलं होतं. तिसऱ्यांदा फुटलं की खातं बंद, असा नियम. आणि खातं बंद म्हणजे संस्थेची पेंड आणि चाराही बंद. हे सगळं मला पाठ होतं.

त्या संध्याकाळी मावशीही दारात उभी राहून बाकीच्यांबरोबर मालिका बघत होती. घरजावई नळ सोडून सासऱ्याशी भांडायला लागला, तशी ती पडद्यावर ओरडली, "आरं मुडद्या, आधी नळ बंद कर की!" सगळी खोली हसली. मीही. तिची किटली माझ्या पायाशी होती.

मालिका संपल्यावर तपासणीच्या काचेच्या नळीत तिचं दूध उकळून पाहिलं. फुटलं.

चेअरमन शेजारीच बसले होते. म्हणाले, "सचिव, तिसरी खेप हाय ही. नियम म्हंजे नियम."

मी थांबवून ठेवलं म्हणून फुटलं, एवढंच म्हणायचं होतं. मी वही पुढे ओढली.

मावशीच म्हणाली, "माझंच चुकलं भाऊ. लई ऊन लागलं, वाटंत बाभळीखाली जरा बसलते."

मी वहीत 'आंबट' लिहिलं.

पंधरा दिवसांत गाय आष्टीच्या बाजारात गेली. दिवाळीनंतर मावशी लेकाबरोबर ऊसतोडीला गेली, आणि मग दरवर्षी जातच राहिली.

नव्या विनोदी मालिका मी सगळ्या लावून बघतो, दोन-तीन भागांत सोडतो. चकचकीत स्वयंपाकघरात उभं राहून माणसं एकमेकांना टोमणे मारतात, आणि कुठं हसायचं ते मागून कुणीतरी हसून दाखवतं. त्यांच्यात जमिनीवर मांडी घालून कुणी जेवतसुद्धा नाही. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्हाला काहीच आवडत नाही." तसं नाही. गेल्या महिन्यात आमची जुनी मालिका नव्या पर्वासह परत आली. सासरा थकलाय, घरजावयाचं पोट सुटलंय, पण त्यानं दारातून पाऊल आत टाकलं आणि मी चक्क टाळी वाजवली.

मावशी आता गावातच असते, कंबरेतून वाकलेली. परवा काठी टेकत आमच्या घरी आली. "ती आपली मालिका लागली म्हणं पुन्हा?" बायकोनं तिला चहा दिला. ती उंबऱ्याजवळ बसून बघत राहिली, पदर तोंडाला लावून हसत राहिली. मला काही हसू येईना. बायको पाण्याला आत गेली. दोघंच होतो. सांगावं म्हणून मी आवाज कमी केला.

"कावून कमी केला भाऊ? ऐकू येऊ द्या की."

मी पुन्हा वाढवला.

आता ती रोज येते. रोज मी तिच्यासाठी चटई टाकतो, आणि भाग संपला की तिला कोपऱ्यापर्यंत सोडून येतो. वाटेत ती घरजावयाच्या खोड्या सांगून पुन्हा हसते, मी हो हो म्हणतो.

तिचं दूध चांगलं होतं. मी थांबवलं म्हणून ते फुटलं. हे तिला तोंडावर सांगणं अजून माझ्याकडून बाकी आहे.