बोटभर उघडे जबडे

परमादरणीय डॉक्टर शिवलिंग बिराजे यांचा आणि माझा प्रथम परिचय झाला, तेव्हा माझे मुख उघडे होते आणि त्यांचे बोट त्यात होते. एका दुराग्रही दाढेने मला त्यांच्या दवाखान्यात आणून बसवले होते. विद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या मनुष्याला प्रत्युत्तर देता येऊ नये, असा योग दुर्मिळ. डॉक्टरसाहेबांनी त्याचा यथेच्छ लाभ घेतला. खुर्चीसमोरच्या दारातून आतली खोली दिसत होती. तेथे फळ्यांवर ओळीने जुने लोखंडी व्हाइस मांडलेले होते. कारखान्यात हातातले काम घट्ट धरून ठेवण्यासाठी बाकाला बसवतात, तेच. प्रत्येकाचा जबडा माझ्यासारखाच उघडा होता.

"घाबरू नका," डॉक्टरसाहेब म्हणाले, "ते तुमच्या आधीपासून बसलेत."

दाढ निघाली आणि स्नेह रुजला. आज त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्यांच्या दंतवैद्यकाविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. संपादक मंडळाने माझ्याकडे त्यांचा 'छंद' सोपवला आहे. मंडळातील कोणीही त्या आतल्या खोलीत एकटे बसलेले नाही, हे त्या शब्दावरून उघड होते.

डॉक्टरसाहेबांची जीर्णोद्धारपद्धती शास्त्रशुद्ध आहे. भंगारातून आलेला व्हाइस ते प्रथम सुटा करतात आणि साखर कारखान्यातून आणलेल्या मळीच्या पिंपात बुडवून ठेवतात. मळी गंज खाते, लोखंड खात नाही. तिचा दर्प मात्र आसमंतातील सर्व सजीवांना खातो, आणि तरीही शेजाऱ्यांनी आजवर तक्रार केलेली नाही, हा डॉक्टरसाहेबांच्या लोकसंग्रहाचा पुरावाच मानावा लागेल. त्यानंतर तारेचा ब्रश, तेल आणि ओळखपरेड. बिडावरची अर्धवट अक्षरे, स्क्रूच्या आट्यांचा आकार, दांड्याच्या टोकांची घडण यांवरून ते जन्मस्थान सांगतात. जबड्यांवरील झिजेवरून आणि घावांवरून धन्याचा हात डावरा होता की उजवा, तो शांतपणे काम करी की रागाने, हेही सांगतात. ते घाव ते कधीही घासून काढत नाहीत. "पेशंटची हिस्टरी आहे ती," असे म्हणतात.

आणि एक नियम. जबडे पूर्ण मिटवून ठेवायचे नाहीत. मध्ये बोटभर फट हवीच. मिटलेल्या जबड्यात दमट हवा कोंडते आणि गंज धरतो, हे त्याचे व्यावहारिक कारण. संध्याकाळी दवाखाना बंद करताना डॉक्टरसाहेब प्रत्येक जबड्यात करंगळी घालून फट तपासतात. पंचाहत्तर वर्षांचा वृद्ध मनुष्य लोखंडाच्या तोंडात बोट घालून क्षणभर थांबतो आणि पुढच्याकडे वळतो, हे दृश्य पाहिल्यावर माझे जेवण सहसा उशिरा होते.

त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी एकच प्रसंग सांगतो. पुण्याचे एक संग्राहक एक निनावी व्हाइस घेऊन आले होते. तो अमुक विलायती घराण्यातला आहे, एवढे डॉक्टरसाहेबांनी म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा होती. "तुम्ही म्हणालात की सगळे मानतात," ते म्हणाले. "म्हणूनच म्हणत नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि त्यांना चहा पाजून परत पाठवले. माहीत नसलेले सांगायचे नाही, हे त्यांचे व्रत. या व्रताची खरी परीक्षा मात्र पुढे झाली, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

विजापूर वेशीजवळ भंगाराचा व्यवसाय करणारे रज्जाकभाई एके दिवशी एक मध्यम आकाराचा निनावी व्हाइस रिक्षात घालून घेऊन आले. पैसे घ्यायलाही तयार होईनात.

"डॉक्टरसाब, ह्ये तुमीच ठेवा. उघडा ठेवून जातो, सकाळी बघतो तर मिटलेला. एकदा माझा रुमाल धरून बसला होता. पोरं म्हणतेत, मामू, ह्याला भूक लागली."

"आटे झिजले असतील," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"झिजू द्या की. पण दांडा कोन फिरवतंय?"

सोलापुरात जे जे अनाकलनीय, ते ते उष्म्यावर ढकलण्याची सनातन परंपरा आहे. मीही तसे सुचवून पाहिले. डॉक्टरसाहेबांनी बाकाची पातळी तपासली, आटे तपासले, आणि उष्म्याला निर्दोष ठरवले.

त्याच आठवड्यात राजव्वा आल्या. साठी ओलांडलेल्या, विणकर घरातल्या. बालपणी पोलिओ झालेला. प्रत्येक पावलाला उजव्या गुडघ्यावर तळहात दाबून चालतात. व्हाइस त्यांच्याच घरातला होता. भाऊ वारल्यावर घर आवरताना त्यांनी तो रज्जाकभाईंना दिला होता, आणि तो कोठे पोहोचला याची चौकशी करत त्या दवाखान्याची पायरी चढल्या होत्या.

"माझे नान्ना गिरणीत फिटर होते," त्या म्हणाल्या. नान्ना म्हणजे वडील. "ह्याच्यावर काम करता करताच गेले. गिरणी मोडली तेव्हा भावानं आठवण म्हणून हा आणला. नान्ना मला रोज उचलून शाळेत न्यायचे. आदल्या दिवशी म्हणाले, आता उचलणार न्हाई, तू तुझं चाल. मी लई रडले. सकाळी माझ्याशी न बोलताच गेले. दुपारी गिरणीतनं माणूस आला."

डॉक्टरसाहेबांनी व्हाइसच्या जबड्यांवरून अंगठा फिरवला.

"त्या दिवशी ह्याच्यात काहीतरी धरलेलं होतं म्हणे. गडबडीत कुणी बघितलं न्हाई, भंगारात गेलं. भाऊ म्हणायचा, सायबाच्या गाडीचं काहीतरी असंल. तुमी लोखंड बघून सगळं सांगता म्हणे. ते काय करत होते तेवढं सांगा."

मी तेथे होतो. एखादे मधुर असत्य त्या क्षणी किती सुलभ होते, हे मला समोर दिसत होते. त्या बाईंनी ते आनंदाने घरी नेले असते.

"मला माहीत नाही, बाई," डॉक्टरसाहेब म्हणाले. "माहीत नसलेलं मी सांगत नाही."

"मग माहीत करून घ्या की. नुसता बसवून ठेवायला घेतलाय का त्याला?"

हा टोला डॉक्टरसाहेबांना वर्मी लागला. चार दशके त्यांनी माणसांच्या जबड्यांत मेणाची पट्टी देऊन चाव्याचा ठसा घेतला आहे. त्या संध्याकाळी त्यांनी तीच गुलाबी पट्टी त्या व्हाइसच्या बोटभर फटीत सोडली आणि दार लावले.

सकाळी पट्टी चावलेली होती. बाहेरच्या बाजूंना जबड्यांची जाळीदार नक्षी, आणि मध्ये, जेथे काहीच नव्हते, तेथे एका पातळ लोखंडी पट्टीची सरळ कड. दुसऱ्या रात्रीच्या मेणावर ती कड गोलावली होती. पुढे तिला भोक पडले. मग कडा सफाईदार झाल्या. नसलेली वस्तू हळूहळू तयार होत होती, आणि तिच्यावर चाललेली कानस डावऱ्या हाताची आहे, असे डॉक्टरसाहेबांनी ठशांच्या रेषांवरून सांगितले.

"तुमचे वडील डावरे होते का?" त्यांनी राजव्वांना फोनवर विचारले.

 त्या म्हणाल्या, "व्हय. तुमाला कुणी सांगितलं?"

एका सकाळी डॉक्टरसाहेबांनी मला साक्षीदार म्हणून बोलावले. आदल्या सायंकाळपासून खोलीची किल्ली माझ्याच खिशात होती. मी कुलूप उघडले. ऊन फळ्यांवर आलेले होते आणि सगळे जबडे यथानियम बोटभर उघडे होते. तो एक सोडून. त्याचा दांडा भोकातून वर सरकलेला, उभा होता. वाचकहो, व्हाइसचा उभा दांडा स्वतःच्या वजनाने खाली घसरतो. कोणी हाताने धरून ठेवल्याखेरीज तो वर राहत नाही. आम्ही उंबरठ्यावर असतानाच तो घसरला. टक्.

"आत्ताच सोडला," डॉक्टरसाहेब हलक्या आवाजात म्हणाले.

मी एखादे स्तोत्र आठवण्याचा प्रयत्न केला. केवळ विभक्तिप्रत्यय आठवले.

डॉक्टरसाहेबांनी मात्र, पेशंटच्या तोंडातून काढावी तशी, न दुखावता पट्टी सोडवून घेतली. व्हाइसकडे पाहून "झालं हं," असे म्हणाले. हे वाक्य मी खुर्चीत बसून अनेकदा ऐकले आहे. ते त्यांनी माणसांसाठी राखून ठेवलेले नाही, हे त्या दिवशी कळले.

सर्व ठशांवरून त्यांनी प्लास्टरमध्ये ती वस्तू घडवली: एका टोकाला सांधलेल्या दोन चिमुकल्या पट्ट्या. राजव्वा आल्या, तेव्हा त्यांनी ती त्यांच्या हातात दिली. रज्जाकभाईही दारात उभे होते. आत यायला तयार नव्हते.

"ही पायाला लावायच्या कॅलिपरची बिजागरी आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. "लहान मुलाच्या गुडघ्याची. एवढं मी खात्रीनं सांगतो. कोणाच्या गुडघ्याची, ते या मेणात नाही."

त्या क्षणीही त्यांनी व्रत मोडले नाही. मला त्यांचा किंचित रागच आला होता, हे येथे नमूद करतो.

"ते मी बघते," राजव्वा म्हणाल्या. आयुष्यभर जेथे त्यांचा तळहात दाबला जात आला, तेथे, उजव्या गुडघ्याच्या बाजूला, त्यांनी ती पांढरी बिजागरी टेकवली. साठीच्या गुडघ्यावर ती फारच लहान दिसत होती. मग राजव्वा व्हाइसकडे वळल्या.

"एवढं बोलून जायचं की, नान्ना."

जाताना दारातून रज्जाकभाई म्हणाले, "घरी पोचवू का रिक्षात ह्याला, आपा?"

"नको. हितंच राहू द्या. हितं त्याचं कुणीतरी ऐकतंय."

त्या दिवसापासून त्या व्हाइसमधील मेण कोरे राहिले आहे. त्याचे जबडे बोटभर उघडे असतात. डॉक्टरसाहेबांनी त्याच्याखाली चिठ्ठी लावली आहे. निर्माता: अज्ञात. धनी: डावरा, मायाळू. 'मायाळू' हे ठशावरून कसे कळले, असे मी छेडले, तेव्हा त्यांनी मला तोंड उघडायला सांगितले.

गौरवलेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुरारोग्य चिंतण्याची प्रथा आहे. मी ते चिंतितो, परंतु केवळ प्रथेसाठी नव्हे. त्या खोलीत आता तोंड मिटलेला कोणी नाही. फळ्यांवर रांगेने सगळे आपापली पाळी येण्याची वाट पाहत आहेत, आणि प्रतीक्षालय भरलेले असताना डॉक्टरसाहेब आजवर कधी उठून गेलेले नाहीत. त्यांची करंगळी सुरक्षित राहो, दृष्टी तीक्ष्ण राहो, आणि माहीत नसलेले न सांगण्याचे त्यांचे व्रत आम्हा सर्वांना अजून पुष्कळ वर्षे जाचत राहो.

परवा त्यांचा फोन आला होता. वरच्या फळीवरचा कोपऱ्यातला एक सकाळी मिटलेला आढळला म्हणे. मेण संपत आले आहे, येताना आणाल का, असे त्यांनी विचारले.

मी दोन खोकी नेऊन दिली आहेत.