खोतांचा गुरव की गावाचा?

सातवीत शाळा सुटली आणि मराठवाड्यातून मी हमरापूरला गणपती रंगवायला आलो. गणपती गावोगाव गेले तसं कामही गेलं. जातीचा गुरव म्हटल्यावर रोह्याकडच्या एका खोतांनी मला त्यांच्या गावच्या देवीच्या पूजेला ठेवलं. देवळामागची खोली, दोन वेळचा भात. मी इतका उपकृत की भात वाढणारीलाही नमस्कार करायचो.

खोती कायद्यानं कधीच गेली होती, जमिनी कुळांच्या झाल्या होत्या. खोतांकडे उरला होता पालखीचा पहिला नारळ आणि पुजारी नेमायचा मान. तोही आता गावाला हवा होता.

"देवळाची जमीन माझ्या आजोबांनी दिली," खोत म्हणाले.

"अन् आजोबांना ती पिकवून कोनी दिली?"

शेवटी ठरलं, देवीलाच कौल लावायचा. तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर गुरव खोतांचा, म्हणजे मी. डावी पडली तर गावाचा. तो उमेदवार आंघोळ करून पुढेच बसला होता.

पाकळ्या लावणार मीच. आमच्याकडे देवाला फूल गंधानं लावतात, तशी लावली. मग बसलो. भजन संपलं. चहा झाला. आंघोळ केलेला उमेदवार घोरू लागला. पाकळ्या जागच्या जागी.

"पंखा लावा रे!"

"देवीला वारा घालून बोलतं करता व्हय?"

शेवटी गावातली सगळ्यांत म्हातारी आजी उठली, देवीजवळ जाऊन वाकली. "काय गो बाय, तुज्या अंगावर तर वाळली ही! गुरवा, पान्यानं लावलीस ना?"

"गंधानं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण देऊळभर हसू फुटलं.

"परत लावा!" खोत ओरडले.

"नाय," आजी म्हणाली. "एक गोष्ट वर्षातून एकदाच इचारायची. ती काय तुमची सून हाय, सारखी दारात उभी करायला?"

"मग तोवर गुरव कोन?"

"देवळामागं बसलाय त्यो बसू दे."

खोतांचा भात चालूच राहिला. मी एकट्या खोतांचा ठरू नये म्हणून गावाकडनं भाकऱ्या येऊ लागल्या. मी जाडा झालो, तरी वर्षभर धास्ती होतीच.

पुढच्या कौलाच्या सकाळी खोत हळूच आले. "हरलो तर नारळही जाईल रे. गंध उगाळलंस ना?"

ते वळले तोच गावातले दोघे मागच्या दारानं आले. त्यांनी चंदनाचं खोडच आणलं होतं.