फळ्यावरचे काका

डबे बनवणाऱ्या कंपनीत बैठकीला सगळे तोंडाची वाफ दवडायचे आणि चित्रकर्ती पांढऱ्या फळ्यावर गिऱ्हाईक रेखाटायची. औषधाच्या डबीसाठी तिने एक म्हातारा काढला. बघता बघता तो सगळ्यांचा 'काका' झाला. "झाकण काकांना झेपेल का?" यावरून हमरीतुमरी व्हायची. चेहरा आपल्या वारलेल्या वडिलांचा आहे, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

डबी बाजारात गेली. साहेब म्हणाले, "पुसा आता काकांना."

तिने घासघासून पुसलं, तरी चेहरा पुसटसा उरलाच.

"काका हटायला तयार नाहीत!" सगळे हसले.

वडील असेच दारातून माघारी यायचे, विसरलेला चष्मा घ्यायला.

खोली रिकामी झाल्यावर तिने त्या पुसट डोळ्यांवर चष्मा रेखाटला.

"घ्या. आता तरी जा, बाबा."