छत, परात आणि दुपारचे दोन

दोन वाजून गेले होते. विद्याबाई देवळाच्या दारात परात धरून उभी होती आणि परातीत ऊन पडत नव्हतं. तिने परात डावीकडे केली, उजवीकडे केली, डोक्यावर धरली. मागे मंडपात बसमधली चाळीस माणसं मान वर करून अंधाराकडे बघत होती. मी ओवरीच्या पायरीवर बसले होते. ऊन का पडत नाही, हे त्या आवारात फक्त मला ठाऊक होतं.

मी त्या देवळाची वॉचमन. माझे मालक आधी तिथे वॉचमन होते, ते वारले तेव्हा पुरातत्त्व खात्याने त्यांच्या जागी मला घेतलं. शिक्षण चौथी. कामाला शिक्षण लागत नव्हतं. कुलूप उघडायचं, झाडायचं, वटवाघळं हाकलायची, माणसांनी दगडावर नावं कोरली तर हटकायचं. आमचं गाव कोल्हारपासून आत, रस्ता कच्चा. देऊळ हेमाडपंती, म्हणजे चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधलेलं. शेजारी जुना मठ. त्याच्या दगडी ओवऱ्यांत पूर्वी साधू राहायचे, माझ्या वेळी शेळ्या बसायच्या.

खरी बघण्याची गोष्ट म्हणजे सभामंडपाचं छत. दगडात कोरलेलं मोठं कमळ आणि भोवती नाचणाऱ्या बायका. पण आत काळोख. बॅटरी मारली तर एक पाय दिसतो, नाहीतर एक नाक. मालकांनी युक्ती काढली होती. देऊळ पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी दहाच्या सुमाराला उंबऱ्यावर ऊन असतं. तिथे कल्हईची परात जराशी कलती धरली की ऊन उलटून थेट छताला लागतं. सगळं कमळ एकदम उघडं पडतं. परात चिंचेने आणि राखेने घासून मीच ठेवायचे. पितळ उघडं पडलं तर उजेड पिवळा येतो, म्हणून कल्हई दर वर्षी.

नगरहून महिन्यातून एकदा ट्रिपची बस यायची. जुनी देवळं आणि मठ बघायचे, नदीकाठी जेवायचं, संध्याकाळी शिर्डी करून परत. बस आणणारे एक रिटायर मास्तर होते, त्यांना सगळे सर म्हणत. सर मला बोलायला लावायचे. मी सांगायचे, पांडवांनी हे एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस अर्धा राहिला. माणसं मन लावून ऐकायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात बसमधून ही विद्याबाई उतरली. पुण्याची, इतिहासात बी.ए., खांद्याला पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा.

सर म्हणाले, "सखूबाई, आता आपल्याला गाईड मिळाल्या. आज तुम्ही फक्त कुलूप उघडा."

तरी मी सवयीने पांडवांचं सुरू केलं. तिने हसून अडवलं. "मावशी, हे यादवांच्या काळातलं. सातशे वर्षं झाली असतील. पांडवांना कशाला त्रास?" सगळे हसले. तिचं खरं होतं हे मला तेव्हाही कळलं. म्हणून जास्त लागलं.

मग सरांनी परात काढायला लावली. मी धरली. कमळ उजळलं तशी तिने एकेक बाई दाखवायला सुरुवात केली, हिच्या हातात आरसा, ही पायातला काटा काढतेय. मी बारा वर्षं ते छत बघत होते, मला काटा कधी दिसला नव्हता. टाळ्या झाल्या. परात माझी, हात माझे, टाळ्या तिला. माणसं तिला मॅडम म्हणत होती आणि मला म्हणत होती, "बाई, जरा बाजूला सरा, दिसत नाही."

जाताना ती माझ्याजवळ आली. "मावशी, पुढच्या वेळी बसच्या कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांना छत आवडलं तर दर रविवारी बस इथे थांबेल. उजेड सगळ्यात चांगला कधी पडतो?"

दर रविवारी म्हणजे दर रविवारी ही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"दोनला," मी म्हटलं. "धाचं ऊन कवळं असतंय, ताई. दोनला लखलख हुतंय."

"पण आज तर दहालाच..."

"आज बरं दिसलं. दोनला बघा मंग."

तिला पटलं. शिकलेल्या माणसाला दुपारचं ऊन कडक हे पुस्तकातून ठाऊक असतं. दोनला सूर्य देवळाच्या पाठीमागे जातो, हे झाडणाऱ्याला ठाऊक असतं. सरांनी माझ्या शब्दावर टाइम बदलला. आधी कोल्हारला नदीवर जेवण, मग आमच्याकडे.

साहेब आले त्या दिवशी मी परात लख्ख घासून दिली. "माझा खांदा धरलाय, तुमीच धरा," म्हटलं.

दारात सावली पसरली होती. ती परात घेऊन आवारात मागे मागे गेली. ऊन सापडलं तिथून दार लांब पडलं आणि परातीतला उजेड उलटा भिंतीबाहेरच्या शेतात गेला. बसमधला एक म्हणाला, "मॅडम, भाकरीच थापा आता त्यात." लोक जेवून आलेले, झोपाळलेले, खदखदून हसले. मीही तोंडाला पदर लावला.

साहेब घड्याळ बघत होते. सर माझ्याकडे आले. "सखूबाई, असं कसं झालं? काही करा."

"आता सूर्याला म्या काय करू, सर?"

विद्याबाईने वळून माझ्याकडे बघितलं. मग दारातल्या सावलीकडे. तिला सगळं कळलं. मी वाट बघत होते, आता सांगेल म्हणून. माझं उत्तर तयार होतं.

ती सरांना म्हणाली, "माझीच वेळ चुकली. मीच नीट विचारलं नाही."

हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. चांगलं वागण्याचा मानही तिनेच मिळवला.

साहेब म्हणाले, "अंधार बघायला दहा मैल कच्च्या रस्त्याने कशाला यायचं? हा पॉइंट काढा. सरळ शिर्डीला न्या." तेव्हा सांगता आलं असतं, की साहेब, एकदा सकाळी दहाला या. तोंड उघडलं असतं तर बस राहिली असती. पण तिच्यासाठी राहिली असती. मी उघडलं नाही. बस निघाली तेव्हा विद्याबाईने परात माझ्या हातात दिली. पदराने पुसून दिली होती.

नंतर बस आली नाही. विद्याबाई दुसऱ्या रूटवर गाईड राहिली, असं सरांकडून कळलं. त्यात तिचं काही बिघडलं नाही. मी रिटायर होईपर्यंत कुलूप उघडत आणि लावत राहिले. बरेच दिवस सकाळी दहाला मी एकटीच परात धरायचे. पायातला काटा काढणारी बाई आता मला बरोबर सापडायची. पण दाखवू कुणाला, शेळ्यांना?

आता तिथे लाईट आहे. बटण दाबलं की छत दिसतं, दहाला काय आणि दोनला काय. परात घरी आहे, तिच्यात सून पीठ मळते.

कुणावर जळत असाल तर जळा, ते काही आपल्या हातात नसतं. पण चुकीची वेळ सांगण्याआधी एवढं बघून घ्या, की त्या वेळेला त्याच अंधारात आपणही उभे असणार आहोत का.